खापर, चूल आणि स्वयंपाकघर : खानदेशातील उघड्यावरील पाकपरंपरेविषयी काही विचार

अन्न सिद्ध करण्याच्या कर्मास मराठीत ‘स्वयंपाक’ हा शब्द रूढ आहे. ‘स्वतः केलेला पाक’ हा त्याचा मूळ अर्थ. या शब्दात कर्त्याचा निर्देश आहे, क्रियेचा आहे. जागेचा मात्र नाही. जागा दाखवावयाची झाल्यास ‘घर’ हे पद त्यास निराळे जोडावे लागते. याउलट ‘मुदपाकखाना’ हा अरबी-फारसी परंपरेतून आलेला शब्द मुळातच जागेचा वाचक आहे, आणि त्यातील ‘पाक’ हा अंश तर मराठी कानाने मूळ शब्दावर लादलेला आहे. अन्नाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा या दुसऱ्या शब्दामागून जाते; जेथे भिंती, भांडी व आचारी आहेत तेथेच पाकशास्त्र आहे, असे गृहीत धरले जाते. जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील, म्हणजे १९०६ पूर्वी एकसंध खानदेश जिल्ह्यात मोडणाऱ्या भागातील, पाकपरंपरा हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडते.

या प्रदेशातील मानाचे पक्वान्न म्हणजे खापरावरील मांडे. मातीचे मोठे, गोल बुडाचे भांडे चुलीवर पालथे घालून खालून जाळ लावावयाचा व तापलेल्या पाठीवर मांडा भाजावयाचा, ही त्याची रीत. चूल अंगणात मांडली तरी चालते. पोळपाट-लाटण्याची गरज नसते. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा स्त्रिया दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत फिरवीत पातळ करतात आणि अलगद खापरावर टाकतात. आखाजीस, म्हणजे अक्षय्यतृतीयेस, आमरसाबरोबर पुरणाची पोळी करण्याचा येथील प्रघात सुपरिचित आहे.

ही रीत किती जुनी असावी, याविषयी भाषेची व ग्रंथाची साक्ष एकमेकींस पूरक आहे. संस्कृत ‘खर्पर’, प्राकृत ‘खप्पर’, मराठी ‘खापर’ ही परंपरा नियमित ध्वनिपरिवर्तनाची आहे. जोडाक्षराचा लोप होऊन पूर्वस्वर दीर्घ झाला. ‘मण्डक’ या शब्दापासून ‘मांडा’ आला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात अन्नभोगाच्या प्रकरणी मंडकाची कृती आली असून, गव्हाच्या पिठाचा गोळा हाताने पसरून तप्त खर्परावर भाजण्याचा विधी त्यात सांगितला आहे. ग्रंथ राजभोगाचा आहे; परंतु साधन मात्र कुंभाराच्या आव्यातले आहे. राजवाड्यातील रीत प्रजेत उतरली की प्रजेतील रीत राजवाड्यात चढली, याचा निर्णय या एका ग्रंथावरून करता येत नाही. तथापि हात, माती व जाळ एवढ्यावर भागणाऱ्या कृतीस राजवाड्याची आवश्यकता नव्हती, एवढे खास.

दुसरे उदाहरण भरताचे. येथे भांडेही गळून पडते. हिवाळ्यात शेतातच कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा किंवा तुराट्यांचा जाळ करून त्यात वांगी भाजतात, सोलतात, आणि मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात घालून ठेचतात. जळगावच्या भरीताच्या वांग्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु वांग्याइतकेच महत्त्व सरपणास आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसास आलेली तेजी आणि त्याच दशकात झालेले लोहमार्गाचे आगमन यांनी खानदेशात कपाशीचे क्षेत्र वाढविले. कापूस बाजारात गेला, काड्या शेतकऱ्याकडे राहिल्या. आजच्या स्वरूपातील भरिताचा प्रसार या उरलेल्या जळणाशी निगडित असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

येथवरच्या विवेचनावरून उघड्यावरील स्वयंपाक ही केवळ सुखद स्वयंपूर्णता होती, असा समज होईल. तो दूर करण्यास मांड्यांचीच एक आख्यायिका उपयोगी आहे. मुक्ताबाईस मांडे करावयाचे होते; त्यासाठी ती खापर आणावयास निघाली. संन्याशाच्या मुलांचा द्वेष करणाऱ्या विसोबा चाटी याने कुंभारांस खापर देऊ नये अशी ताकीद दिली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबलाने जठराग्नी प्रदीप्त केला आणि मुक्ताबाईने त्यांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तिविजया’ने ही कथा घरोघर पोचविली. पुढे हाच विसोबा शरण आला व विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला. कथा आळंदीची, परंतु मुक्ताबाई १२९७ मध्ये जेथे अंतर्धान पावली असे परंपरा मानते, ते तापीकाठचे स्थान खानदेशात आहे. पूर्वीचे एदलाबाद आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते.

चमत्काराची ऐतिहासिकता हा येथे प्रश्न नाही. कथेने जे सहज गृहीत धरले आहे, ते इतिहासकाराच्या कामाचे आहे. घरावर बहिष्कार घालावयाचा तर भिंती पाडाव्या लागत नाहीत. कुंभाराचा हात आखडला की पुरे. स्वयंपाक घराच्या खोलीवर नव्हे, तर बलुतेदारीतील देवघेवीवर उभा होता, आणि ती देवघेव तुटताच माणसाजवळ केवळ स्वतःचे शरीर उरते, हे कथाकारास ठाऊक होते. दोष दुसऱ्यावर ढकलण्यास मराठीत ‘खापर फोडणे’ म्हणतात. या कथेत खापर नाकारणे हाच दोष आहे.

आणखी एक गोष्ट उल्लेखनीय आहे. कथेत पाठ ज्ञानदेवांची तापते व तिचे वर्णन होते. मांडे करणारे हात मुक्ताबाईचे आहेत, त्यांचे वर्णन होत नाही. व्यवहारातही असेच घडले आहे. तप्त खापरापाशी बसून कोपरापर्यंत धग सोसणाऱ्या स्त्रियांचे कौशल्य आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे पाहूनच गेले. पाककृतीच्या लिखाणात पदार्थाचे नाव आले, हाताचे आले नाही. आज खापर गॅसच्या शेगडीवरही चढते आणि मांडे विकतही मिळतात. साधन बदलले तरी हात बदललेला नाही.

दरवर्षी मुक्ताबाईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपुरास पायी जाते. दीर्घ वाटेवर मुक्कामी चुली मांडल्या जातात आणि पहाटे मागे राख ठेवून दिंडी पुढे निघते. पाकपरंपरेच्या अभ्यासकाने ही राख पुरावा म्हणून मोजली पाहिजे. स्वयंपाकघर हे या इतिहासातील एक प्रकरण आहे; स्वयंपाक त्याहून फार जुना आहे.