काचेच्या पेटींतील मार्जारमीन

लंडनमधील नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरानें १८२९ सालीं एका झांकलेल्या बाटलींत पतंगाचा कोश ठेवला होता. कोशाखालच्या ओलसर मातींतून एक नेचा उगवला आणि बाहेरून पाणी न घालतां वाढत राहिला. बंद काचेंतहि जीव तगूं शकतो, हें त्या बाटलीनें दाखविलें. घरांत मासे पाळण्याच्या छंदाचें एक मूळ येथें आहे.

पुढचें पाऊल रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें टाकलें. १८५० सालीं त्यानें आपला प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडला. एका काचपात्रांत त्यानें दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेविली होती. वनस्पतीपासून माशांना प्राणवायु मिळे. परंतु तिचीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां त्यानें गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें फस्त केलीं व पाणी निवळलें. इंग्लंडांतील काचेवरील कर १८४५ सालींच उठला होता. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, दुसऱ्या वर्षीं फिलिप गॉस याचें ‘अॅक्वेरियम’ हें पुस्तक निघालें, आणि काचेची पेटी दिवाणखान्यांत येऊन बसली.

या यशाबरोबर एक समजूतहि रूढ झाली: कचरा खाणारा एखादा प्राणी पेटींत सोडला कीं तिची निगा आपोआप राहते. पुढें ही चाकरी दक्षिण अमेरिकेंतील कोरिडोरस या दोनअडीच इंची मार्जारमीनाच्या कपाळीं आली. महाराष्ट्रांतील नद्यांत आढळणाऱ्या शिंगट्याचा हा दूरचा आप्त. तोंडापाशीं मिशा आणि अंगावर हाडांच्या पट्ट्यांचें चिलखत, असें याचें रूप आहे.

याची एक जात चार्ल्स डार्विन यानें ‘बीगल’ जहाजाच्या १८३१ ते १८३६ च्या सफरींत मिळविली. तिचें शास्त्रीय वर्णन लिओनार्ड जेनिन्स यानें १८४२ सालीं प्रसिद्ध केलें. हें ज्ञान मृत नमुन्यावरून झालेलें. त्यांत रंग व आकार होते, जीवनक्रम नव्हता. तो उलगडला पॅरिसमध्यें. पियेर कार्बोनिये या मत्स्यपालकानें १८७८ च्या सुमारास या जातीची वीण पाळीव स्थितींत घडवून आणली. मादी आपल्या पोटाखालच्या परांची ओंजळ करून तींत अंडीं धरते आणि तीं पानांवर किंवा काचेवर नेऊन चिकटविते. चाकर समजला गेलेला हा मासा येथें प्रथम संसारी दिसला.

तरीहि जुनी समजूत सुटली नाहीं. इतर माशांनीं टाकलेल्या उष्ट्यावर याचें पोट भरेल, असें मानून पुष्कळ घरांत याला वेगळें अन्न घालीत नाहींत. त्यांत एक फसगत आहे. हा मासा मधूनमधून पृष्ठभागाकडे झेपावतो, हवेचा घोट घेतो आणि आंतड्यांतून प्राणवायु शोषतो. त्यामुळें बिघडलेल्या पाण्यांतहि तो कांहीं काळ तग धरतो, आणि सारें ठीक आहे असें मालकास वाटतें. मिशा झडूं लागल्या, पोट खपाटीस गेलें, म्हणजे चूक ध्यानांत येते. पण तोंवर बहुधा उशीर झालेला असतो.

वस्तुतः याच्या गरजा थोड्या आहेत. तळाशीं मऊ वाळू असावी, कारण मिशांनीं ती चाळीत तो अन्न शोधतो. सोबतीला त्याच जातीचे पांचसहा मासे असावेत. दिवे मालवल्यावर तळाला बुडणारें अन्न घालावें. पाण्याचा कांहीं भाग नियमानें बदलावा. विष्ठा हा मासा खात नाहीं, उलट स्वतःचीच तींत भर घालतो.

वॉरिंग्टनच्या पात्रांत गोगलगायींना पानें मिळत आणि गोगलगायींचीं अंडीं माशांच्या पोटीं जात. तेथें काम करणाऱ्या प्रत्येकाला पोटभर अन्न होतें. मागाहून आलेल्यांनीं त्या प्रयोगांतील काम तेवढें ध्यानांत ठेवलें, आणि अन्नाचा मात्र विसर पाडला.