गॅरेजची तिसरी तार

तर झालं असं, की आमच्या गॅरेजमधला दिवा अचानक जास्तच उजेड पाडायला लागला.

अमेरिकेतल्या जुन्या घरांची गॅरेजं बरेचदा घरापासून सुटी, मागच्या अंगणात असतात. आमचंही तसंच. तिथे वीज जाते ती जमिनीखालून. आता करवत सुरू केल्यावर दिवा क्षणभर मंद झाला तर समजू शकतो, पण आमचा दिवा उलट लख्ख व्हायचा! दोन बल्ब गेले. मग एक दिवस तिथल्या पत्र्याच्या पॅनलला हात लागला आणि मोठी मुंगी चावावी तसं झालं. तेव्हा मात्र घरातला ब्रेकर बंद केला आणि मुकाट्याने इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

"न्यूट्रल गेलाय," तो म्हणाला.

न्यूट्रल आपल्यालाही माहीत आहे. तो तुटला की आळीतले टीव्ही नि फ्रिज एका झटक्यात जळतात. पण इथे घरात येणाऱ्या तारा तीन. दोन गरम आणि मध्ये न्यूट्रल. गरम तार आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट, दोन गरम तारांमध्ये २४०. ही मधली भानगड आली कुठून, म्हणून वाचायला बसलो, तर थेट एडिसनपर्यंत पोचलो.

४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. तेव्हा शहरात तार आणि टेलिफोनच्या तारांचं जाळं खांबांवर लटकत होतं, पण एडिसनचा हट्ट, की वीज जमिनीखालूनच न्यायची. वीस-वीस फुटी लोखंडी नळ्या, आत तांब्याच्या दोन अर्धगोल कांबी, आणि मधल्या पोकळीत ओतलेलं डांबरासारखं गरम मिश्रण. दर वीस फुटांवर जोड. रस्ते खणायचे ते रात्री. (एडिसननेच पुढे सांगितलेला किस्सा: शहराच्या अधिकाऱ्याने कामावर पाच निरीक्षक नेमले, प्रत्येकी रोजचे ५ डॉलर, तेही एडिसनच्या खिशातून. निरीक्षक दर्शन द्यायचे फक्त शनिवारी, पगार घ्यायला. वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं.)

खरी अडचण होती तांब्याची. ११० व्होल्टची वीज लांब न्यायची तर कांबी जाडजूड लागतात आणि तांबं महाग. यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजेच ही तिसरी तार. इंग्लंडमध्ये हॉपकिन्सनलाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तीच गोष्ट सुचली होती. दोन डायनामो एकापुढे एक जोडायचे आणि मधून एक तार काढायची. अर्धे दिवे एका बाजूला, अर्धे दुसऱ्या. दोन्हीकडचा भार सारखा असेल तर मधल्या तारेतून काहीच वाहत नाही. ती फक्त फरक वाहते. तेवढ्याच दिव्यांना जवळजवळ साठ टक्के तांबं कमी लागतं! ४ जुलै १८८३ ला पेनसिल्व्हेनियातल्या सनबरीत या पद्धतीने दिवे लागले, तिथे तारा खांबांवरून नेल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनला तिन्ही तारा जमिनीखाली गेल्या.

मधली तार तुटली तर? मग दोन्ही बाजूंची उपकरणं २४० व्होल्टवर एका माळेत ओवली जातात. करवत सुरू होताना तिच्या वाट्याला थोडे व्होल्ट येतात, उरलेले सगळे बिचाऱ्या बल्बवर. आमच्या दिव्याचा लखलखाट तो हाच. शिवाय जुन्या पद्धतीत गॅरेजच्या पॅनलचा पत्रा याच न्यूट्रलला जोडलेला, म्हणजे एकाच तारेकडे दोन कामं. ती तुटल्यावर पत्र्यातच वीज उतरली. माझा मुलगा सायकल त्याच पॅनलला टेकवून ठेवतो. हे आठवलं आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही.

खणण्याआधी इथे ८११ ला फोन करायचा असतो. मग माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून जातात. पण त्या फक्त कंपन्यांच्या तारांच्या. मीटरच्या पुढचं जे पुरलेलं असेल ते तुमचं तुम्ही शोधा. आधीच्या मालकाने नकाशा ठेवला नव्हता (कोण ठेवतो?). शेवटी इलेक्ट्रिशियनने यंत्र लावून जागा दाखवली, कुंपणाच्या खांबाला अगदी खेटून. खांब पुरताना कधीतरी फावडं लागलं असणार. आवरणाला बोटाच्या पेराएवढी चीर, आणि आत अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची पांढरी भुकटी झालेली. तांबं वाचवायचा प्रयत्न एडिसनपाशी थांबला नाही म्हणायचा! दोन गरम तारा मात्र धडधाकट होत्या.

जोड देऊन भागलं असतं, पण मी सगळीच केबल बदलायचं ठरवलं. २००८ च्या अमेरिकी वीज नियमावलीपासून अशा सुट्या इमारतीला नवी लाइन नेताना चौथी, अर्थिंगची वेगळी तार लागते आणि पत्रा न्यूट्रलपासून सुटा ठेवावा लागतो. म्हणजे मधल्या तारेकडचं दुसरं काम काढून घेतलं. १८ इंच खोल चर, त्यात प्लास्टिकचा पाइप, पाइपात चार तारा. पैसे वाचवायला चर मीच खणला. आठवडाभर कंबर धरून बसलो होतो ते वेगळं.

असो. एडिसनने सुरू केलेली डीसी वीज न्यूयॉर्कमध्ये १४ नोव्हेंबर २००७ ला कायमची बंद झाली. तिसरी तार मात्र एसीने केव्हाच उचलली होती.

चर बुजवण्याआधी पाइपाचे फोटो काढले, खांबापासूनची अंतरं मोजून कागदावर लिहिली आणि तो कागद पॅनलच्या दाराला आतून चिकटवला. काल करवत चालवून पाहिली. दिव्याने दखलही घेतली नाही.