नेमबाजीचा हातमोजा

नेमबाजीचा हातमोजा हे रायफल नेमबाजीत मुख्यतः आधार देणाऱ्या हातावर घालावयाचे जाड, अस्तरयुक्त साधन होय. उजव्या हाताने चाप ओढणारा नेमबाज तो डाव्या हातात घालतो. रायफलीचा भार व पट्ट्याचा ताण यांपासून हाताचे रक्षण करणे, नाडीचे ठोके रायफलीपर्यंत पोचू न देणे आणि पकड स्थिर ठेवणे ही त्याची तीन प्रमुख कार्ये आहेत. शॉटगन नेमबाजी, लष्करी सराव आणि शस्त्रांची साफसफाई यांसाठी वेगळ्या प्रकारचे हातमोजे वापरतात.

नाव व पूर्वपीठिका

‘मोजा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘दस्ताना’ हा पर्यायी शब्दही फारसी असून त्यातील ‘दस्त’ म्हणजे हात. शस्त्र चालविताना हात व बोटे झाकण्याची रीत मात्र फार जुनी आहे. रामायण व महाभारतात धनुर्धराच्या वर्णनात ‘गोधा’ आणि ‘अंगुलित्र’ किंवा ‘अंगुलित्राण’ हे शब्द येतात. प्रत्यंचेच्या फटकाऱ्यापासून हात व बोटे वाचविणारी ही आवरणे होत. ‘गोधा’ म्हणजे घोरपड. तिच्या कातड्यावरून त्या साधनास हे नाव मिळाले. आजच्या तिरंदाजीतही प्रत्यंचा ओढणाऱ्या बोटांवर चामड्याचे आवरण घालतात. मराठ्यांच्या दांडपट्ट्यात हाताचे रक्षण करणारे लोखंडी आवरण मुठीलाच जोडलेले असते.

कार्य

पुरुषांच्या ५० मीटर रायफल प्रकारात रायफलीचे वजन ८ किलोपर्यंत, तर १० मीटर एअर रायफल प्रकारात ५.५ किलोपर्यंत असू शकते. हा भार आधाराच्या हाताला दीर्घकाळ पेलावा लागतो. पडून व गुडघा टेकून नेम धरताना दंडाभोवती बांधलेला पट्टा (स्लिंग) रायफलीच्या पुढच्या भागाला जोडलेला असतो. तो ताणला गेला की हाताची मागील बाजू पट्टा व त्याची कडी यांच्याकडून, तर अंगठा व तर्जनी यांमधील बेचके हाताच्या अडणीकडून (हँडस्टॉप) दाबले जाते. संरक्षण नसल्यास रक्तप्रवाह अडतो, मज्जातंतूंवर दाब येतो आणि बोटांना मुंग्या येऊन हात बधिर होतो. हातमोज्यातील मऊ थर हा दाब मोठ्या क्षेत्रफळावर पसरवितो.

दुसरे कार्य नाडीशी संबंधित आहे. पट्ट्याच्या ताणामुळे हाताच्या धमन्यांतील ठोके रायफलीला जाणवू लागतात आणि दर्शनीतील लक्ष्य तालबद्धपणे हलताना दिसते. जाड अस्तरामुळे ही हालचाल मंदावते. उभ्याने नेम धरताना पट्टा वापरता येत नाही. त्या वेळी कोपर बरगडीला किंवा कमरेला टेकवून रायफल मुठीवर अथवा बोटांवर तोलली जाते, म्हणून हातमोज्याची जाडी व न घसरणारा पृष्ठभाग येथे अधिक उपयोगी पडतात.

रचना

हातमोज्याच्या हातामागील भागात व तळव्यात फोम किंवा तत्सम मऊ पदार्थाचे थर असतात. बाहेरून चामडे, कृत्रिम चामडे अथवा कॅनव्हास आणि तळव्यावर खडबडीत रबराचे आवरण असते. पाचही बोटे झाकणारा आणि बोटांची टोके उघडी ठेवणारा असे त्याचे दोन ढोबळ प्रकार आहेत. पहिल्यात संरक्षण अधिक मिळते. दुसऱ्यात उष्णता कमी होते व काडतूस हाताळणे सोपे जाते. चाप ओढणारा हात बहुतेक नेमबाज उघडाच ठेवतात, कारण चापावरील सूक्ष्म दाबाची जाणीव उघड्या बोटाला सर्वांत चांगली होते.

नियम

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या रायफल नियमांत हातमोज्यावर पुढील मर्यादा आहेत.

* पुढील व मागील बाजूच्या कापडाची एकत्रित जाडी शिवणी व सांधे सोडून कोठेही १२ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी.
* मनगटाच्या हाडाच्या उंचवट्याच्या मध्यापासून हातमोजा ५० मिलिमीटरपेक्षा पुढे जाऊ नये.
* मनगटाशी पट्टी किंवा आवळण्याचे कोणतेही साधन नसावे. हातमोजा घालता यावा म्हणून काही भाग लवचीक असू शकतो. परंतु घातल्यावर मनगटाभोवती तो सैलच राहिला पाहिजे.

मनगट आवळून धरणारा हातमोजा सांध्याला कृत्रिम आधार देतो आणि मग स्थैर्य नेमबाजाच्या कौशल्याचे न राहता साधनाचे ठरते, हे या बंधनांमागील तत्त्व आहे. पिस्तूल प्रकारांत हेच तत्त्व अधिक कठोरपणे पाळले जाते. तेथे पिस्तूल धरणारे मनगट पूर्णपणे मोकळे दिसावे लागते आणि त्या हातावर घड्याळ, कडे किंवा मनगटपट्टी घालण्यास मनाई आहे. स्पर्धेत साधनांची तपासणी होते व नियमबाह्य साधनामुळे स्पर्धक बाद ठरू शकतो. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने खरेदीपूर्वी चालू नियमपुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

निवड

हातमोज्याचे माप घेताना अंगठा वगळून बोटांच्या मुळाशी तळहाताचा घेर मोजतात. युरोपीय मापनपद्धतीत क्रमांक ७ साठी सुमारे १७८, क्रमांक ८ साठी २०३, क्रमांक ९ साठी २२९ आणि क्रमांक १० साठी २५४ मिलिमीटर घेर धरला जातो. घट्ट हातमोजा रक्तप्रवाह अडवितो व बधिरता वाढवितो; सैल हातमोज्यात हात आतल्या आत सरकतो आणि प्रत्येक नेमागणिक पकड बदलते.

दुकानात उभे राहून केलेली चाचणी पुरेशी नसते. ज्या स्थितीत हातमोजा वापरायचा त्या स्थितीत, पट्टा ताणून व रायफल धरून किमान १५ ते २० मिनिटे तो घालून पाहावा. मुंग्या येत असल्यास केवळ अधिक जाड हातमोजा घेऊन प्रश्न सुटत नाही. पट्ट्याची लांबी, दंडावरील त्याची जागा आणि अडणीचे स्थान यांतही दोष असू शकतो. विश्रांतीनंतरही बधिरता टिकत असेल, तर वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट होय.

नवशिक्यांना प्रारंभी एकच हातमोजा तिन्ही स्थितींसाठी पुरतो. कौशल्य वाढल्यावर काही नेमबाज उभ्या व पडून नेम धरण्याच्या स्थितींसाठी वेगवेगळे हातमोजे ठेवतात. वाढत्या वयाच्या विद्यार्थ्यांचा हातमोजा दरवर्षी मापाशी ताडून पाहावा लागतो.

इतर प्रकार

शॉटगन नेमबाजीत लागोपाठच्या फैरींमुळे नळी तापते व घामाने पकड सुटू शकते. त्यासाठी पातळ चामड्याचे किंवा कृत्रिम कापडाचे, हाताला चपखल बसणारे हातमोजे वापरतात. अतिशीत प्रदेशात उघड्या हाताने धातूला स्पर्श केल्यास त्वचा गोठून इजा होते. म्हणून तेथील सैनिक पातळ आतील मोजा व त्यावर उबदार बाहेरील मोजा अशी थरांची रचना वापरतात.

चाप ओढणाऱ्या हातात जाड हातमोजा घातल्यास बोट चापाच्या कड्यात अडकून अनपेक्षितपणे गोळी सुटण्याचा धोका असतो. त्यामुळे त्या हातासाठी पातळ किंवा तर्जनी उघडी ठेवणारा हातमोजाच सुरक्षित मानला जातो. कोणताही हातमोजा घातला तरी नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवण्याचा नियम शिथिल होत नाही.

औद्योगिक हातमोज्यांसाठी ईएन ३८८ हे युरोपीय मानक आहे. त्यात घर्षण, काप, फाटणे व भोसकणे यांना होणारा विरोध अंकांनी दर्शविला जातो. ही प्रमाणे कारखान्यातील धोक्यांसाठी ठरविलेली असून त्यांचा गोळीपासून संरक्षणाशी संबंध नाही.

शिसे व स्वच्छता

.२२ काडतुसातील गोळी आणि एअर रायफलचे छर्रे बहुधा शिशाचे असतात. हाताळणीत व गोळीबारात शिशाचे सूक्ष्म कण हातांवर, तसेच हातमोज्यांवर साचतात. शिसे शरीरात साचत जाणारे विष असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते विशेष घातक आहे. म्हणून हातमोजा घालून खाणेपिणे किंवा चेहऱ्याला स्पर्श करणे टाळावे, सरावानंतर साबणाने हात धुवावेत आणि हातमोजा घरातील कपड्यांत मिसळू नये. शस्त्र साफ करताना नायट्राइलचे पातळ, एकदा वापरून टाकावयाचे हातमोजे घालतात. खनिज तेलाने नैसर्गिक रबर लवकर खराब होते. नायट्राइल त्यास अधिक काळ तोंड देते.

निगा

वापरानंतर हातमोजा उलगडून सावलीत, हवेशीर जागी वाळवावा. कडक उन्हात चामडे ताठ होते व तडकते. कोकणासारख्या दमट भागात पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते, म्हणून तो प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओला ठेवू नये. अस्तर कायमचे दबले किंवा तळव्यावरील रबर गुळगुळीत झाले, की हातमोजा बदलण्याची वेळ आली असे समजावे.

महाराष्ट्रातील रायफल नेमबाजी

हातमोजा ज्या प्रकारांत नेहमीच्या साधनांचा भाग आहे, त्या रायफल प्रकारांत महाराष्ट्राने उल्लेखनीय यश मिळविले आहे. अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद पटकाविले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळाले. पुण्यातील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजीचे केंद्र आहे.

हेही पाहा

* नेमबाजी
* तिरंदाजी
* दांडपट्टा
* शिसे विषबाधा