घागरीला मोड होती, बाटलीचं काय?



पितळी घागर घेताना आपल्या सासवा दुकानदाराला हमखास विचारत, "मोडीला काय भाव द्याल?" नवं भांडं वजनावर, वर घडणावळ. जुनं द्यायचं तेव्हा घडणावळ गेली, पण धातूचे पैसे हातात. कल्हई सोडली तर सगळं भांडं एकाच धातूचं, त्यामुळे भट्टीत गेलं तरी पितळच. कॉमर्सच्या पुस्तकात आम्ही याला भंगारमूल्य म्हणायचो. ते खरेदीच्या दिवशीच धरायचं असतं.

प्लॅस्टिकच्या बाटलीचा हिशेब उलटा झाला. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीतल्या नॅथॅनियल वायेथ यांना पेट बाटलीचं पेटंट १९७३ मध्ये मिळालं. सोड्याचा दाब सोसायला २ लिटरच्या बाटलीचा तळ गोल ठेवावा लागे, आणि गोल तळावर बाटली उभी राहीना. मग खाली दुसऱ्याच प्लॅस्टिकची, पॉलिथिनची वाटी चिकटवली. दुकानात छान दिसलं. वितळवायच्या वेळी मात्र दोन जातींचं प्लॅस्टिक आणि वर गोंद!

पुढे तळालाच पाकळ्या दिल्या आणि वाटी गेली. सोड्याची बाटली उलटी करून बघा, त्या दिसतील. (कंपन्यांचा एक सुटा भागही वाचला, हे विसरू नका.) टोपण वेगळ्या प्लॅस्टिकचं असलं तरी चालतं. चुरा पाण्यात टाकला की पेट बुडतं आणि टोपण तरंगतं, धान्य धुताना फोलपटं वर यावीत तसं. घात करतं ते पीव्हीसीचं वेष्टन. तेही बुडतं, आणि थोडं राहिलं तरी अख्खा घाणा बिघडवतं.

मग रंग. स्प्राइटची हिरवी बाटली २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेत पारदर्शक झाली. रंगीत पेटपासून पुन्हा पारदर्शक बाटली होत नाही, धागा वगैरे होतो, म्हणून भाव कमी. हा फरक सोसते ती कचरा वेचणारी बाई. पुण्यात १९९३ पासून या कष्टकऱ्यांची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावात प्लॅस्टिक नाही, पण पोत्यात बाटल्या असतात. चकचकीत वेफरची पिशवी सहसा नसते. तिच्यात प्लॅस्टिकला धातूचा थर असा चिकटलेला असतो की तो सुटतच नाही, आणि तिला कोणी मोडीतही घेत नाही.