मेल पाठवला, पण पोचला नाही? बहुतेक रांगेत अडकलाय

डोंबिवलीहून खचाखच भरून आलेल्या लोकलमध्ये कोपरला चढता आलं नाही, तर आपण पुढच्या गाडीची वाट बघतो. मेलचंही तसंच. समोरच्या सर्व्हरची डिस्क किंवा मेमरी भरत आली की तो '४५२'सारखा कोड देऊन नवा मेल तात्पुरता नाकारतो. पाठवणारा सर्व्हर तो रांगेत ठेवतो आणि साधारण ४-५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून तोच मेल दहादा पाठवू नका, रांग वाढते. अर्जाची मुदत आजच संपत असेल तर सरळ फोन करा. कोड '५'ने सुरू होत असेल तर नकार पक्का, पत्ता तपासा.

रांगेमागे दरवेळी गर्दीच असते असंही नाही. १ जानेवारी २०२२ला मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या व्हायरस तपासणीत तारखेवरून बनलेला २२०१०१०००१ हा आकडा २१४७४८३६४७ या मर्यादेत मावला नाही आणि जगभर मेल अडकले.