एका झडपेचे स्थलांतर

कवींनी हृदयाला नाना उपमा दिल्या. शल्यविशारदाच्या लेखी मात्र ते चार खणांचे, चार झडपांचे घर. त्यातली महाधमनीची झडप सर्वांत कष्टाळू, कारण डाव्या खणातले रक्त साऱ्या देहाकडे निघते ते हिच्यातूनच. काही बालकांत ती जन्मतःच सदोष असते. तीन पाकळ्यांच्या जागी दोन, क्वचित एकच. आणि वाट इतकी अरुंद की हृदय रेटून रेटून थकते.

१९६० च्या सुमारास पिंजऱ्यात चेंडू बसविलेल्या कृत्रिम झडपा आल्या आणि कित्येक प्रौढांना जीवदान मिळाले. पण मूल वाढते, धातू वाढत नाही. शिवाय रक्त गोठू नये म्हणून जन्मभर औषध! पडण्या-धडपडण्याच्या वयात ही धास्ती केवढी!

डोनाल्ड रॉस यांचा जन्म १९२२ साली दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीचा. १९६२ मध्ये त्यांनी लंडनच्या गाय्ज रुग्णालयात मृताची झडप रोग्याच्या महाधमनीत बसविली. तीही कालांतराने झिजे. तेव्हा १९६७ मध्ये त्यांनी निराळाच मार्ग धरला. रोग्याची स्वतःची फुप्फुसधमनीची झडप काढून महाधमनीत बसवायची आणि तिच्या रिकाम्या जागी मृताची. गर्भावस्थेत या दोन्ही धमन्या एकाच नळीतून दुभागतात. झडपा जणू सख्ख्या बहिणीच. उजवीकडे रक्ताचा दाब कमी, म्हणून उसनी झडप तिकडे अधिक काळ टिकते.

पुढे झडपेसह महाधमनीचे सारे मूळच बदलू लागले. त्यासाठी हृदयालाच रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्यांची मुखे भोवतालच्या कातडीसारख्या चकतीसह सोडवून नव्या मुळावर शिवावी लागतात. वाटच अरुंद असेल तर दोन खणांमधला पडदा चिरून ती रुंदावण्याची युक्ती जपानच्या कोन्नो यांनी १९७५ मध्ये मांडली. दोहोंच्या जोडीला आज रॉस-कोन्नो म्हणतात.

एक झडप बिघडली म्हणून दोन पणाला लावायच्या, हा आक्षेप आरंभापासून होता आणि तो पोकळ नव्हता. काहींचे नवे मूळ पुढे फुगते. उजवीकडची उसनी झडप तर मुलाबरोबर वाढत नाही, ती बदलण्यासाठी पुन्हा छाती उघडावी लागते. तरीही महाधमनीतली ती सजीव झडप बाळाबरोबर वाढते. रॉस २०१४ मध्ये निवर्तले. संमतीपत्रावर सही करताना आईबापांना पुढच्या शस्त्रक्रियेची कल्पना असते. पण ती करण्याइतके मूल मोठे होईल, ही आशा त्यांच्या पदरी पडलेली असते.