डिंगॉल्फिंगची छोटी मोटार

राष्ट्रांचा इतिहास लढायांत आणि तहांत शोधण्याची आपणांस सवय आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धात धुळीस मिळालेला पश्चिम जर्मनी पुन्हा उभा कसा राहिला, हे समजून घ्यावयाचे तर एका लहानशा मोटारीकडेही पाहावे लागेल, असे आम्हांस वाटते. ती मोटार म्हणजे गॉगोमोबिल.

बव्हेरियातील डिंगॉल्फिंग येथे हान्स ग्लास यांचा पेरणीयंत्रे बनविण्याचा कारखाना होता. १९५१ मध्ये त्यांनी स्कूटर काढली आणि घरातल्या नातवाच्या लाडक्या नावावरून तिला ‘गॉगो’ म्हटले. १९४८ च्या चलनसुधारणेनंतर कामगाराच्या हाती थोडा पैसा खेळू लागला होता. त्यातून दुचाकी घेता येई, मोटार नव्हे. पण भर पावसात, कडाक्याच्या थंडीत बायकामुलांना दुचाकीवर न्यावयाचे कसे? १९५५ मध्ये बाजारात आलेली गॉगोमोबिल हे त्या प्रश्नाचे उत्तर होते.

तिचे इंजिन मागे होते. दोन सिलिंडरांचे, दोन ठोक्यांचे, सुमारे २४५ घनसेंटिमीटरचे. हा आकडा सहज आलेला नव्हे. ज्यांच्याजवळ जुना चौथ्या वर्गाचा परवाना होता, त्यांना २५० घनसेंटिमीटरपर्यंतचे वाहन नवी परीक्षा न देता चालविता येई. म्हणजे या गाडीचे माप यंत्रशास्त्राने जितके ठरविले, तितकेच कायद्यानेही ठरविले!

त्या काळी अशा गाड्या आणखीही होत्या. मेसरश्मिटची तीनचाकी होती, समोरून दार उघडणारी बीएमडब्ल्यूची इझेटा होती. परंतु गॉगोमोबिलला चार चाके होती, दोन्ही बाजूंस दारे होती, मागे मुलांना बसावयास जागा होती. ती लहान होती, पण मोटारीसारखी दिसे. गरिबाला केवळ स्वस्त वस्तू नको असते. चारचौघांत मान खाली घालावी लागू नये, हेही त्याला हवे असते. ग्लास यांनी ते ओळखले. म्हणूनच अशा सुमारे २ लाख ८० हजार गाड्या खपल्या.

पुढे मात्र भरभराटीनेच घात केला. पगार वाढले, गिऱ्हाईक मोठ्या गाडीकडे वळले. ग्लासही त्याच्यामागे धावले. त्यांच्या १९६२ च्या ‘१००४’ गाडीत साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा होता. पुढे जगभर रुळलेली ही युक्ती मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या गाडीत प्रथम तेथेच आली. पण नवनव्या गाड्यांचा खर्च त्या घरगुती कारखान्याला पेलवला नाही. १९६६ मध्ये तो बीएमडब्ल्यूकडे गेला. १९६९ मध्ये गॉगोमोबिल बंद पडली आणि त्याच वर्षी हान्स ग्लासही वारले.

हे अपयश म्हणावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. नदी उतरल्यावर नावेचे काम संपते, म्हणून नाव निरुपयोगी ठरत नाही. डिंगॉल्फिंगला आज बीएमडब्ल्यूचा प्रचंड कारखाना उभा आहे. त्याच्या पायाशी एक पेरणीयंत्र आणि एक छोटी मोटार आहे, एवढे विसरू नये.